कानगोष्टी : एकच ड्रायव्हर पुरतो का?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले होते : "इयरफोन घेताना आत ड्रायव्हर किती ते नंतर विचारा, आधी तो तुमच्या कानात नीट बसतो का ते बघा." ड्रायव्हर म्हणजे इयरफोनच्या आतला, आवाज काढणारा इवलासा स्पीकर. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी वर्षभरात कुठल्याच विषयावर आली नव्हती. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, इयरफोनचं दुकान मी कधी चालवलेलं नाही. मी सोलापुरात एकोणतीस वर्षं श्रवणयंत्रं बसवली, लोकांच्या कानांचे साचे घेतले, श्रवणतपासणीचे आलेख काढले. कानात बसणारा इवलासा स्पीकर ही माझ्या रोजच्या हाताखालची वस्तू होती आणि गाणं ऐकणं ही घरची सवय. त्या दोन्हींच्या भरवशावर उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जुळे सोलापूरला राहतो. माझा इयरफोन १० मिलिमीटरच्या एका डायनॅमिक ड्रायव्हरचा आहे. मित्राने जवळपास त्याच किमतीत पाच ड्रायव्हरचा घेतला. तो म्हणतो, एका ड्रायव्हरमध्ये सगळी वाद्यं एकमेकांत कालवली जातात. शिवाय मामांनी त्यांचा जुना, एका बॅलन्स्ड आर्मेचरचा इयरफोन मला दिलाय, त्यात तर बेस जवळजवळ नाहीच. मग एक ड्रायव्हर म्हणजे कमअस्सलच ना?

उत्तर : तुझ्याकडचे दोन्ही इयरफोन एकाच ड्रायव्हरचे असले तरी ते एका जातीचे नाहीत, तेव्हा आधी ते वेगळे करू.

डायनॅमिक म्हणजे घरातल्या मोठ्या स्पीकरचंच लहान रूप. गोल पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. वेटोळ्यातून वीज गेली की पडदा पुढेमागे हलतो. बॅलन्स्ड आर्मेचरला आम्ही श्रवणयंत्रवाले नुसतं 'रिसीव्हर' म्हणतो. दोन-चार तांदळाच्या दाण्यांएवढी धातूची डबी असते. तिच्यात दोन चुंबकांच्या मधोमध तोलून धरलेली एक लोखंडी पत्ती असते. भोवतालच्या वेटोळ्यातून वीज आली की पत्ती किंचित कलते, आणि बारीक दांडीने जोडलेला पडदा तिच्याबरोबर हलतो. वीज कमी लागते, जागा कमी लागते, म्हणून कानामागच्या आणि कानातल्या यंत्रांत हाच वापरला जातो. गाण्याच्या इयरफोनमध्ये तो श्रवणयंत्रांच्याच वाटेने आला. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्चने १९९१ साली ईआर-४ काढला, त्यात प्रत्येक कानाला एकच बॅलन्स्ड आर्मेचर होता. त्याच्यामागचे मीड किलियन हे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले संशोधक. एका ड्रायव्हरचा म्हणून त्या इयरफोनला कुणी कमअस्सल म्हटलं नाही. पुढची कितीतरी वर्षं लोक इतर इयरफोन त्याच्याशी ताडून बघत राहिले.

आता मामांच्या इयरफोनमधला न येणारा बेस. ड्रायव्हरला दोष देण्याआधी रबराची टोपी तपास. सायकलला हवा भरायच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा थोडासाच रेटला तरी आत दाब लगेच वाढतो. बोट किंचित सैल सोडलं की कितीही रेटा, हवा फुस्सकन निघून जाते. कानात अगदी हेच होतं. २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला वीस कंपनांच्या, अगदी खोल आवाजाची लाट हवेत सुमारे १७ मीटर लांब असते. ती मोकळ्या खोलीत उभी करायला मोठा स्पीकर लागतो. पण बंद कानात इयरफोन आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवा असते एक-दोन घन सेंटिमीटर. तेवढ्या हवेचा दाब कमीजास्त करायला इवलीशी हालचालही पुरते, अट एकच की जागा बंद हवी. टोपीभोवती केसाएवढी फट राहिली तरी सगळ्यात आधी बेस पळतो, मधला आणि वरचा आवाज मात्र तसाच राहतो. मग माणूस म्हणतो इयरफोन पातळ वाजतो.

हे मी इतक्या खात्रीने सांगते, कारण श्रवणयंत्राच्या साच्यात मी ही फट हाताने पाडलेली आहे. ज्यांना खालचे आवाज नीट ऐकू येतात आणि फक्त वरचे कमी येतात, त्यांच्या साच्यात आम्ही मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं आरपार भोक ठेवतो, त्याला व्हेंट म्हणतात. नको असलेला घुमारा त्यातून निघून जातो. तुझ्या कानात तेच भोक टोपीच्या कडेला आपोआप झालंय. साचे घेताना आणखी एक गोष्ट सतत दिसायची. एकाच माणसाचा डावा आणि उजवा कान सारख्या मापाचा असेलच असं नाही. म्हणून डाव्याला मधली टोपी आणि उजव्याला मोठी लागली तर त्यात गैर काही नाही. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढ, नळी सरळ होते, मग इयरफोन आत सरकव आणि पाळी सोड. बाहेरच्या पंख्याचा आवाज एकदम दूर गेला पाहिजे. नाही गेला तर टोपी बदल. फोमची टोपी मिळाली तर चिमटीत दाबून घाल आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेव.

एवढं करूनही जे उरेल ते मात्र त्या ड्रायव्हरचं खरं कमीपण. ते नीट कळावं म्हणून तुझं पत्र आल्यावर एका रात्री मी तीन इयरफोन घेऊन बसले : माझा जुना एका आर्मेचरचा, भाच्याचा १० मिलिमीटरचा डायनॅमिक, आणि शेजारच्या मुलीचा अनेक ड्रायव्हरवाला. आवाज तिन्हींत होईल तितका सारखा ठेवला. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जो किंचित मोठा वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो. तुमच्या होस्टेलवरच्या निम्म्या तुलना इथेच फसत असतील.

आधी पुरुष आवाजातला विलंबित ख्याल लावला. काळी एकचा सा म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. एका आर्मेचरमध्ये तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, इतकी सुटी आणि मोकळी ऐकू आली की तारेखालचं सूत डोळ्यांपुढे आलं. गायकाचा श्वास, शब्दाच्या शेवटी ओठ मिटणं, सगळं जवळ. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घिस्सा मात्र रेघेसारखा आला, त्याचं पोट आलं नाही. डायनॅमिकमध्ये तोच डग्गा छातीशी आला, जवारी थोडी झाकली गेली. मग सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भाच्याने चांगल्या रेकॉर्डरवर टिपलेली हलगी लावली. आर्मेचरमध्ये काडीचा प्रत्येक फटका वेगळा मोजता येत होता, पण कातडं कमी. डायनॅमिकमध्ये कातडं होतं. शेवटी बेस गिटार आणि ड्रम मशीन असलेलं आजचं एक गाणं. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. ती आर्मेचरमध्ये असून नसल्यासारखी होती, आणि आवाज वाढवला तर तिला खर यायला लागली. त्या पत्तीला हलायला जागाच थोडी, खोल आणि मोठा आवाज एकदम मागितला की ती अडते. वरच्या टोकालाही, झांजेची जी अगदी शेवटची फुलबाजीसारखी चमक असते, ती बहुतेक एकट्या आर्मेचरमध्ये लवकर मावळते.

तुझ्या मित्राचं 'कालवणं' पूर्ण खोटं नाही. एकाच पडद्याला बेससाठी सावकाश मोठं हलायचं असतं आणि त्याच वेळी झांजेसाठी भरभर बारीक थरथरायचं असतं. मोठी हालचाल बारकीला ढवळते. पण बंद कानात पडद्याला मुळात फारच थोडं हलावं लागतं, त्यामुळे बेताच्या आवाजात हे ढवळणं कानाला जाणवण्याइतकं क्वचितच होतं. आवाज चढवत गेलास की वाढतं. ज्याला लोक कालवणं म्हणतात ते बऱ्याचदा वेगळंच असतं : बनवणाऱ्याने बेस इतका फुगवलेला असतो की तो गळ्यावर येऊन बसतो. तो दोष आवाज बांधणाऱ्याचा, ड्रायव्हर एक असण्याचा नव्हे.

आणि पाच ड्रायव्हरची स्वतःची पंचाईत असते. खालचा आवाज एकाने, मधला दुसऱ्याने, वरचा तिसऱ्याने अशी वाटणी करावी लागते, आणि वाटणीच्या सांध्यावर दोघे एकाच सुरात, एकाच वेळी बोलायला हवेत. सांधा नीट जमला तर फार सुंदर ऐकू येतं, असे इयरफोन आहेत आणि मी ऐकलेत. पण शेजारच्या मुलीच्या त्या इयरफोनमध्ये बाईचा गळा वरच्या सप्तकात गेला की 'आ' एका माणसाचा आणि 'स' दुसऱ्याचा वाटत होता. एका ड्रायव्हरमध्ये हा सांधाच नसतो. गळा पायापासून डोक्यापर्यंत एकाच ठिकाणाहून येतो, आणि मला स्वतःला या अखंडपणासाठी खालचं-वरचं थोडं सोडायला आवडतं. त्यात किमतीचा साधा हिशोब बघ. त्याच पैशांत एकाऐवजी पाच भाग आणि वाटणीचे सुटे भाग बसवायचे, तर प्रत्येकावर किती खर्च झाला असेल आणि ते जुळवायला किती वेळ दिला असेल? अनेक ड्रायव्हर घ्यायचे तर पैसे साठवून नंतर घे.

तू पत्रात लिहिलंस की तू हिपहॉप आणि सिनेमाची गाणी जास्त ऐकतोस. तुझा १० मिलिमीटरचा डायनॅमिक तुला बरोबर आहे, तो विकू नकोस. मामांचा जपून ठेव, रात्री झोपताना एखादा नुसता गळा, नुसती बासरी त्यावर ऐक.

प्रश्न : डब्यावर '५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' असं छापलेलं असतं. ज्याचा आकडा मोठा तो घ्यावा का? (वाचक, बार्शी)

उत्तर : नको. तरुण, निरोगी कानाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, आणि वयाबरोबर वरचं टोक खाली येतं. शिवाय त्या दोन टोकांच्या मध्ये आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे सोबत छापलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. ४० किलोहर्ट्झला आवाज 'येतो', पण इतका क्षीण की नसल्यातच जमा, तरीही छापता येतं. आकड्यांपैकी एक बघायचाच असेल तर इम्पिडन्स, म्हणजे इयरफोन विजेला करतो तो विरोध, बघा. १६ किंवा ३२ ओहम असेल तर साध्या मोबाइलवर आरामात वाजेल.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवते. हल्ली मोबाइलमधला तंबोरा इयरफोनवर लावून रियाज करते, म्हणजे घरातल्यांना त्रास नको. पण इयरफोन घातला की माझाच आवाज रांजणात तोंड घालून गायल्यासारखा घुमतो आणि सूर लागलाय की नाही हेच कळत नाही. मुलगा म्हणतो महागडा घेऊन देतो. घेऊ का? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : बाई, नका घेऊ. महागडा घेतलात तरी तो कान बंदच करील आणि घुमारा राहीलच.

नवीन श्रवणयंत्र बसवलं की दुसऱ्या दिवशी येऊन प्रत्येक जण मला हीच तक्रार सांगायचा : "माझा आवाज मलाच विहिरीतून येतो." आपण गातो तेव्हा आवाज हवेतून कानात जातो तसा जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतूनही जातो. कानाच्या नळीचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो, आतला हाडाचा. गाताना मऊ भाग थरथरतो आणि नळीत आवाज तयार होतो. कान उघडा असला तर तो बाहेर निघून जातो. नळीचं तोंड बंद केलं की आतच कोंडतो, आणि कोंडतो तो नेमका खालचा भाग. 'ऊ' आणि 'ई' गाऊन बघा, 'आ' पेक्षा जास्त घुमतील.

इयरफोन हाडाच्या भागापर्यंत खोल गेला तर हा घुमारा कमी होतो, हे खरं आहे. पण तुमच्यासारख्यांना रोज दोन-दोन तास तेवढं खोल काही घालायला मी सांगणार नाही. त्या भागातली कातडी फार पातळ असते, सहज दुखावते. सोपा उपाय असा की तंबोरा एका छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात, तुमच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. घरी अगदीच शांतता हवी असेल तर एकाच कानात इयरफोन घाला आणि दुसरा कान मोकळा ठेवा. किंवा जुन्या पद्धतीचे, कानाच्या दारात नुसते टेकणारे, रबराची टोपी नसलेले इयरफोन मिळतात, ते घ्या. त्यांत बेस थोडा येतो, पण तुमची पट्टी काळी चार, तुमचा सा जवळपास २०८ हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज १०४. तिथपर्यंत ते पोहोचतात. आणि तुमचा स्वतःचा गळा तुम्हाला जसा आहे तसा ऐकू येतो, रियाजाला तोच ऐकू यायला हवा.

प्रश्न : अक्का, मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. बारा तासांची पाळी असते. मागांच्या आवाजात डोकं भणभणतं म्हणून मी कानात इयरफोन घालून गाणी लावतो. एकच ड्रायव्हरवाला आहे, आवाज पुरत नाही, फुल्ल करावा लागतो. जास्त ड्रायव्हरचा घेतला तर आवाज मोठा मिळेल का? (पूर्व भाग, सोलापूर)

उत्तर : तू मला अक्का म्हणालास, मीही तुला आमच्या घरच्या तेलुगूत तम्मुडू, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते आणि मोकळं बोलते. माझा जन्म पूर्व भागातलाच. माझे वडील चादरीच्या मागावर चौतीस वर्षं होते. घरी आल्यावर ते मोठ्याने बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. ते रागावलेले नव्हते. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. पुढे मी हे काम शिकले आणि पहिला आलेख काढला तो त्यांचाच. ४,००० हर्ट्झपाशी रेघ विहिरीसारखी खाली गेलेली. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही खूण असते, आणि गेलेलं परत येत नाही. त्यानंतर मागावरच्या शेकडो माणसांच्या आलेखांत मी ती विहीर पाहिली.

आता हिशोब ऐक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० ला आठवड्याला फक्त ४ तास. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० च्या वरच असतो, आणि तू त्याच्यावर गाणं ऐकू यावं म्हणून गाणं त्याहून मोठं करतोस. म्हणजे मागाचा आवाज आणि गाण्याचा आवाज दोन्ही तुझ्या कानावर, बारा तास.

ड्रायव्हर वाढवून हे सुटणार नाही. तुझा इयरफोन सैल बसतोय, म्हणून बाहेरचा गोंगाट आत येतोय आणि बेस बाहेर जातोय. दोन्हींमुळे तुझा अंगठा आवाज वाढवायच्या बटणावर जातो. फोमच्या टोपीने गोंगाट पुष्कळ कमी होईल आणि गाणं निम्म्या आवाजात ऐकू येईल, हे मला ठाऊक आहे. तरीही मागावर उभा असताना गाणं लाव असं मी तुला सांगणार नाही. धोटा उडतो तेव्हा आधी त्याचा आवाज बदलतो, शेजारचा ओरडतो, आणि तुला ते कळायला हवं. तुला खरं तर कानात घालायचे साधे फोमचे बोळे हवेत, इयरप्लग म्हणून औषधाच्या दुकानात किंवा सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात, फार स्वस्त असतात. ते चिमटीत वळून, कानाची पाळी ओढून, आत घाल. माणसाचं ओरडणं त्यातून ऐकू येतं. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. कारखान्यातल्या सगळ्यांसाठी मालकाकडे मागून घ्या, मागायला लाजू नका.

गाणी चहाच्या सुट्टीत ऐक, शेडच्या बाहेर, तुझ्याच एका ड्रायव्हरवर. शांततेत तो पुरतो की नाही बघ. आणि पाळी संपल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल किंवा घरचे 'टीव्ही किती मोठा लावतोस' म्हणत असतील, तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी कानाची तपासणी करून घे. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा. तुझं वय तू लिहिलं नाहीस. पंचविशी-तिशीतला असशील तर अजून पुष्कळ वाचवता येईल.

प्रश्न : दोन हजारांचा इयरफोन तीन महिन्यांत उजव्या बाजूने बारीक वाजायला लागला. दुकानदार बदलून देत नाही, म्हणतो तुम्ही पाडला असेल. एका ड्रायव्हरचे इयरफोन असेच लवकर जातात का? (पंढरपूर)

उत्तर : बहुतेक तो गेलेला नाहीच. आधी दोन्ही बाजू अदलाबदल करून कानात घाला. उजवा इयरफोन डाव्या कानातही बारीक वाजला तर दोष इयरफोनचा. उजव्याच कानात बारीक येत राहिलं तर दोष कानात आहे, आणि तो साधा मळही असू शकतो.

इयरफोनचा दोष निघाला तर टोपी काढून नळीच्या तोंडावरची जाळी उजेडात बघा. श्रवणयंत्र 'बंद पडलं' म्हणून जे लोक माझ्याकडे यायचे त्यांतल्या बऱ्याच जणांचं यंत्र मी दोन मिनिटांत चालू करून दिलंय, फक्त जाळीतला मळ काढून. जाळीचं तोंड जमिनीकडे धरा आणि मऊ, कोरड्या टूथब्रशने हलक्या हाताने झाडा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडतो. टाचणी, सुई, उदबत्तीची काडी आत घालू नका. पाणी, स्पिरिट नको. तोंडाने ओढू किंवा फुंकू तर मुळीच नका, डायनॅमिकचा पडदा त्याने वाकतो. इयरफोनच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं एखादं भोक दिसेल, तो हवेचा मार्ग आहे. त्यात मळ गेला तरी आवाज बदलतो.

आर्मेचरवाला असेल तर दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य असू शकतं. तोलून धरलेली ती पत्ती फरशीवर पडल्याने एका बाजूला झुकते आणि मग आवाज बारीक किंवा चिरका होतो. ते घरी दुरुस्त होत नाही. डायनॅमिक पडणं जास्त सोसतो, त्याला घाम जास्त बाधतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तर कुठलाच ठेवू नका.

प्रश्न : वय ६८. निवृत्त पोस्टमास्तर. आकाशवाणीवरून टेप केलेल्या माझ्या जुन्या मैफली नातवाने मोबाइलवर घालून दिल्या. नवा इयरफोनही दिला. पण पूर्वी तंबोरा जसा झणझणायचा तसा आता नाही. नातू म्हणतो यात एकच ड्रायव्हर आहे म्हणून. खरं का? (अक्कलकोट)

उत्तर : काका, नातवाचं मन मोठं, पण निदान चुकलं असावं. तंबोऱ्याची जी झणझण तुम्ही म्हणता ती जवारीची, म्हणजे मूळ सुराच्या कितीतरी पट वरच्या स्वरांची असते. साठीनंतर कानाची हीच वरची बाजू आधी मंदावते. त्यात कॅसेटवर वर्षानुवर्षं पडून राहिलेला वरचा आवाजही झिजलेला असतो. एक ड्रायव्हर याला जबाबदार असेल तर शेवटचा.

घरच्या घरी हे करून बघा. नातवाला तीच मैफल त्याच इयरफोनवर ऐकू द्या आणि झणझण येते का विचारा. त्याला आली तर इयरफोन आणि टेप दोन्ही ठीक आहेत. मग मोबाइलच्या इक्वलायझरमध्ये ३,००० हर्ट्झच्या पुढच्या पट्ट्या थोड्या, दोन-तीन डेसिबल, वर करा. एकूण आवाज मात्र वाढवू नका, नाहीतर खालचा आवाज नको इतका मोठा होईल आणि वरचा तरीही अपुरा राहील. नवीन इयरफोनवर एक रुपया घालण्याआधी श्रवणतपासणी करून घ्या. अर्धा तास लागतो, काही टोचत नाही. आलेखाची झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा. कुठल्या पट्ट्या किती वर करायच्या ते मी तुम्हाला आलेख बघून लिहून पाठवीन.